एकसारखे कंदील

सप्तपर्णी फुलली की संध्याकाळी आमच्या गल्लीतून माझ्याच्याने चालवत नाही. ही झाडं सोसायटीत लावायचं मीच सुचवलं होतं. लवकर वाढतात, पानं दाट, वर्षभर हिरवी, आणि एका रांगेत लावली की शिस्तीत उभी राहतात. आश्विनात त्यांचा वास कसा येतो हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवस मावळला की तो जड, गोडसर वास खाली उतरतो आणि खिडक्या लावल्या तरी घरात शिरतो. कुणाचं डोकं चढतं, कुणाला सण जवळ आल्यासारखं वाटतं. मला एक माणूस दिसतो. गल्लीच्या मधोमध उभा, पाठमोरा, मान वर केलेला. तो माणूस हयात आहे, चार घरं सोडून राहतो. हयात माणसानं असं मागे लागावं याची मला भीती वाटते, हे सरळच सांगून टाकते.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की गाव संपता संपता आमची सोसायटी येते. छत्तीस घरं. बिल्डरनं एकच घर छत्तीस वेळा बांधलं, असं माझा नवरा अविनाश म्हणतो. सायीच्या रंगाच्या भिंती, चॉकलेटी फाटक, डाव्या हाताला पोर्च, पोर्चच्या छताला एक हूक. पलीकडे शेतं आहेत. या दिवसांत सोयाबीन निघालेलं असतं, त्याच्या कुटाराची, भुशाची धूळ दुपारभर तरंगत असते, आणि रस्त्यानं पहिल्या वेच्याचा कापूस भरलेल्या गाड्या जायला लागतात. गाडी गेली की मागे काटेरी बाभळींना कापसाचे पुंजके लटकून राहतात. संध्याकाळच्या उजेडात ते पुंजके बराच वेळ पांढरे दिसत राहतात, बाकी सगळं काळं झालं तरी.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. रेषा सरळ असाव्यात, नकाशाला सूची असावी, डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असावं, हा माझा स्वभाव. अविनाश म्हणतो, "तुला देवानं चुकून बाई केलं, तू खरं म्हणजे पट्टीच व्हायची." म्हणूनच असेल, सोसायटीचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही.

सचिवाच्या वाट्याला येतात ती भांडणं. पाण्याची, गाड्यांची तर असतातच, पण सणावारांची भांडणं वेगळीच. एकाच्या लुकलुकणाऱ्या माळेचा उजेड समोरच्याच्या बेडरूममध्ये जातो. तुळशीच्या लग्नाचा मांडव आठ दिवस उभाच राहतो आणि शेजाऱ्याची गाडी निघत नाही. एकवीस नंबरच्या मेश्राम सरांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घराला पंचशील पताका लावल्या, त्याच्यावर "किती दिवस ठेवणार?" असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. सर शांतपणे म्हणाले, "घर माझं, पताका माझ्या, विचारायचं कुणाला?" पताका त्यांनी त्यांच्या वेळेनं उतरवल्या. पण त्या सगळ्या धुमश्चक्रीतून एक नियम निघाला. लावलेली सजावट सण संपल्यावर आठ दिवसांत काढायची. आमचे अध्यक्ष राऊत साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नियम झाला की त्यांना शांत झोप लागते. मलाही लागायची.

त्या नियमात पहिला अडकला तो नामदेवकाकांचा कंदील.

नामदेवकाका आणि कमलकाकू सिंदी रेल्वे या गावचे. काकांचं सगळं आयुष्य तिथल्या जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेलेलं. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ताणायचा, आणि धाग्याची लांबी बघून माल कसा आहे ते सांगायचं. व्यापारी त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवायचे. पुढे त्यांना विसरायला होऊ लागलं. सिंदीचं घर विकून मुलानं, प्रशांतनं, त्यांना इथलं नवं घर घेऊन दिलं. दवाखाना जवळ म्हणून. तो पुण्याला, सातव्या मजल्यावर.

काकांकडे आकाशकंदील कोजागिरीला लागायचा आणि कार्तिकी पौर्णिमेला उतरायचा. पितरांना वाट दिसावी म्हणून तो महिनाभर असतो, त्यांच्या घरची रीत. दिवाळीपुरता कंदील ही आपली शहरी गोष्ट. आणि तो कंदील ते स्वतः करायचे. बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्यानं बांधून, आठ कोनांचा, चांगला डालग्याएवढा. मधल्या पोटाला लाल पतंगी कागद, कोनांना हिरवा, खाली लांब पांढऱ्या झिरमिळ्या. बाकी सगळं हातातून सुटत चाललं होतं, शर्टाची बटणं वरखाली लागायची, पण कामट्या हातात आल्या की बोटं आपली आपण चालायची. काकू शेजारी खळीची वाटी घेऊन बसायच्या. कंदील लागला की त्यांच्या पोर्चच्या भिंतीवर लाल आणि हिरवे डाग हलत राहायचे. देखणा होता का? नाही. आमच्या सायीच्या भिंतींच्या रांगेत तो फार मोठा, फार भडक, जरा गावठीच दिसायचा. मला तर तो डोळ्यात खुपायचा.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा गेली, मार्गशीर्ष गेला, संक्रांतीचा तीळगूळ वाटून झाला, तरी कंदील तिथंच. कागद फाटला की काकू नवा लावायच्या. ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. राऊत साहेबांनी मला नोटीस काढायला लावली आणि मी काढली. खाली सही माझी.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. सोफ्यावर बसल्या नाहीत, स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. हातात ती नोटीस घडी करून धरलेली.

"मॅडम, तुम्हाले एक गोष्ट सांगतो. याइले आता सगळे घरं सारखेच दिसते. संध्याकायी फिराले जाते, अन् वापस येतानी भलत्याच घरी शिरते. दोनदा तं पंधरा नंबरात जाऊन बसले. पण कंदील लागला तवापासून एकदाही चुकले नाई. दुरून पाह्यते, अन् बराबर घरी येते. म्हणून म्या काढला नाई."

मी म्हटलं, "काकू, मग हे तुम्ही मीटिंगमध्ये सांगा ना. कोण नाही म्हणेल?"

"नाई नाई. कोनाले सांगू नोका तुम्ही. प्रशांतले समजलं तं तो दोघाइले पुण्याले नेईन. तिथं हे कोंडल्यावानी होईन. अन् इथले लोकं म्हणन, म्हातारा येडा झाला. येवढा एक फेरा ते आपल्या पायानं मारते मॅडम. तेवढाच त्याइचा रुबाब राह्यला आहे."

मी नाही सांगणार असं म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. हाताला खळीचा वास होता. त्या गेल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. त्यांच्या बोलण्यातलं एकच मी पक्कं धरून ठेवलं: कंदील उतरता कामा नये. त्या जे बोलल्या त्याचा तो अर्धाच भाग होता. दुसरा अर्धा मी ऐकला नव्हता असं नाही. तो मला महत्त्वाचा वाटला नाही, कारण माझ्या डोक्यात तोवर एक युक्ती चमकली होती. युक्ती चमकली की मला दुसरं काही दिसत नाही, हा माझा जुना दोष.

मीटिंगमध्ये राऊत साहेब म्हणाले, "मॅडम, म्हाताऱ्या माणसांचं ठीक आहे, पण एकाला सूट दिली की सगळे मागतील. सोसायटी म्हणून काही एकसारखं दिसलं पाहिजे की नाही?"

मी म्हटलं, "तेच म्हणते मी. एकसारखंच करू. काकांचाच कंदील आपल्या सोसायटीचा कंदील करू. सगळ्यांनी तोच लावायचा, आणि सोसायटीची ओळख म्हणून तो वर्षभर राहू द्यायचा. म्हणजे काढायचा प्रश्नच नाही. हाताची कला आहे, प्लॅस्टिकच्या चांदण्यांपेक्षा किती छान."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राऊत साहेबांचाही चेहरा उजळला. नियमही राहिला, माणसंही राहिली. मी काकूंना दिलेला शब्द मोडला नव्हता, कुणालाही काही सांगितलं नव्हतं. त्या रात्री जेवताना मी अविनाशला तीनदा तरी ती टाळ्यांची गोष्ट सांगितली असेल. इतकी खूश होते मी स्वतःवर.

भाद्रपदात काकांचा कंदील नमुना म्हणून गावातल्या एका बांबूकाम करणाऱ्या कुटुंबाकडे नेला. कामट्या कशा बांधल्यात ते समजायला त्यांना तो पूर्ण उकलावा लागला. टिकावा म्हणून कागदाऐवजी तसलंच लाल-हिरवं कापड घेतलं. महिनाभर काकांच्या हुकाला काही नव्हतं, आणि मला आठवतं, तेवढे दिवस काकू संध्याकाळी त्यांचा हात धरून फिरायला यायच्या. मी गच्चीवरून हात हलवायची. जोडीनं फिरताहेत, किती छान, असं मनात म्हणायची.

मेश्राम सरांनी कंदील घेतला नाही. "आमच्याकडे दिवाळीचा कंदील नसतो मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. काकांचं कौतुक मलाही आहे," असं म्हणाले. मी हसून बरं म्हटलं, पण मनातून चिडले. पस्तीस उजेड आणि मध्ये एक काळी फट, फोटोत कसं दिसेल, हे माझ्या मनात आलं. खरंच आलं.

धनतेरसला उन्हं कलता कलता कंदील टांगून झाले. पहिला मान काकांच्या घराला दिला, राऊत साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून तो हुकाला अडकवला. काकू फाटकाशी उभ्या होत्या. पदर डोक्यावर घेतलेला, गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "सगळ्याइचे सारखेच?"

"सारखेच!" मी म्हटलं. "सगळ्या गल्लीत तुमचाच मान काकू. आणि आता कुणी काढायला सांगणार नाही."

त्यांनी तोंड उघडलं, आणि कुणीतरी मागून मला हाक मारली म्हणून मी वळले. परत पाहिलं तेव्हा बायका त्यांच्याभोवती जमल्या होत्या. त्या उघडलेल्या तोंडातून काय निघणार होतं ते मी पुढे कितीदा तरी स्वतःशी म्हणून पाहिलं आहे.

सहाला सगळ्यांनी एकदमच दिवे लावायचे असं मी ग्रुपवर कळवलं होतं. मी गच्चीवर मोबाइल घेऊन तयार. अंधार नुसता पडू लागलेला, सप्तपर्णीचा वास सुटलेला, कुणाच्या तरी घरी चकल्या तळल्या जात होत्या. आणि एकदम गल्लीच्या दोन्ही बाजूंना लाल-हिरवे डाग उमटले, पस्तीस घरांच्या भिंतींवर. खालून "वा!" असा आवाज आला. मी फोटो काढला आणि लगेच ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पुसता येत नाही आणि पाहवत नाही. गल्लीच्या मधोमध एक लहानशी पांढरी आकृती आहे. पायजमा-सदरा, पाठमोरी, मान वर. नामदेवकाका. फिरून परत आले होते, आणि घर शोधत होते. एवढे सगळे लोक त्या फोटोला छान छान म्हणाले. त्यांतल्या एकालाही, मलाही, तिथं उभा असलेला माणूस दिसला नाही.

पुढे काय झालं ते मी नंतर एकेकाकडून ऐकून जोडलं. काका पहिल्या घरात शिरले. त्या लोकांना वाटलं दिवाळीचे भेटायला आले. या काका, बसा काका, चिवडा घ्या. काकांनी भीत भीत चार दाणे तोंडात टाकले, भिंतीकडे पाहिलं, आणि उठले. बाहेर येऊन पुन्हा वर पाहिलं. शेजारी तोच कंदील. तिथं शिरले. तिथं करंजी. त्याच्या पुढच्या घरी अनारसा. सात घरी त्यांनी फराळ केला. प्रत्येक घराला त्यांच्या येण्याचं अप्रूप वाटलं, कारण काका कधी कुणाकडे जात नसत. एका घरी त्यांच्या पाया पडून मुलीनं आशीर्वाद घेतला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, कमल कुठं आहे?" तिला वाटलं काकू मागून येताहेत.

आठवं घर माझं.

मी गच्चीवरून खाली आले होते, सोफ्यावर बसून ग्रुपवरचे शेरे वाचत होते. दार उघडंच होतं. काका आले, चपला काढून नीट भिंतीला लावल्या, टोपी काढून आमच्या किल्ल्यांच्या खुंटीला अडकवली आणि अविनाशच्या खुर्चीत बसले. हुश्श केलं. घरी आल्यावर माणूस करतो तसं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"तुम्ही कोन बाई? आमच्या घरात काऊन बसून राह्यल्या?"

मी हसले. देवा, मी हसले. मला वाटलं काका थट्टा करताहेत. "काका, हे माझं घर. तुमचं चार घरं पुढे," म्हटलं, "पाहा ना, तुमचा कंदील आज सगळ्यांकडे लागलाय!"

ते उठले. टोपी घेतली. दारात जाऊन डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मी त्यांच्या मागे होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा एका बाजूनं दिसला. लाल उजेड, मग हिरवा, मग लाल. त्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही, आजाऱ्याच्या नाही. बाजारात हात सुटलेल्या लेकराच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांजवळ आले आणि नसलेला कापूस ताणू लागले. त्या क्षणी काकूंच्या बोलण्याचा तो दुसरा अर्धा मला ऐकू आला. दुरून पाह्यते, अन् बराबर घरी येते.

"थांबा काका, मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं आणि चपला शोधायला आत वळले. चपला जागेवर होत्या, माझ्या घरात सगळं जागेवर असतं. तरी तेवढ्यात तीन बाया फुलं घेऊन फोटोचं अभिनंदन करायला दारात आल्या, आणि त्यांना बाजूला सारून बाहेर येईपर्यंत गल्लीत काका नव्हते.

मी धावत काकूंकडे गेले. काका तिथं नव्हते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कढई उतरवली.

पाऊण तास आम्ही सगळे हाका मारत फिरलो. लोक आता एकमेकांना सांगत होते, अरे आमच्याकडे येऊन गेले, आमच्याकडेही आले होते. नागपूरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीच्या दिव्यात मला तो पांढरा सदरा दिसायचा. मी हात जोडून काय काय कबूल केलं देवाला ते लिहीत नाही. शेवटी त्यांना शोधलं मेश्राम सरांनी. काका त्यांच्या फाटकाशी आले होते, वर पाहिलं, आणि "नाई, हे नाई" असं म्हणून पुढे गेले होते. सरांना ते खटकलं होतं. म्हणून ते टॉर्च घेऊन सोसायटीच्या मागच्या नव्या लेआउटकडे गेले. तिथं घरं अर्धी बांधलेली होती, ना दारं, ना दिवे. त्यांतल्या एका जोत्यावर काका पाय खाली सोडून बसले होते.

सरांनी विचारलं, "काका, इथं काऊन बसले?"

काका म्हणाले, "हे आपलं घर नाई. येवढं तं पक्कं समजते."

सरांनी मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरंच झालं, कारण मला रडू आवरलं नाही.

सकाळी उठून पाहते तर काकूंच्या हुकाला कंदील नव्हता. आठवड्याभरात एकेक करून बाकीचे उतरले. कुणी मीटिंग बोलावली नाही. राऊत साहेबांनी आपला कंदील स्वतः काढला आणि मला म्हणाले, "मॅडम, तो सजावटीचा नियम वहीतून काढून टाका." मी ते पूर्ण पान शेजारच्या पानाला चिकटवून टाकलं आणि चैत्रात सचिवपद सोडलं. प्रशांत आला, महिनाभर राहिला, पुण्याला चला म्हणाला. काकू गेल्या नाहीत. तो आता दर महिन्याला येतो.

काकू त्यांच्या जुन्या पद्धतीचा कागदी कंदील पुन्हा लावून पाहतील असं मला वाटलं होतं. त्यांनी लावलाही, पुढच्या कोजागिरीला, बाकी गल्लीत तसला एकही नसताना. पण काका त्याच्याकडे पाहायचे आणि तोंड फिरवायचे. त्या एका संध्याकाळी तो इतक्या दारांवरून त्यांच्याशी खोटं बोलला होता की आता त्याच्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तेव्हापासून ते आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून दिवस मावळला की म्हणतात, चाला, घरी चाला. काकू नाही म्हणत नाहीत. चपला पायात घालून देतात, गल्लीला एक फेरा मारून आणतात आणि फाटकाशी येऊन सांगतात, आलं पाहा घर. एखाद दिवशी ते मान हलवतात. बहुतेक दिवशी नाही.

मला झोपेत अजून लाल-हिरवे डाग दिसतात. कॉलेजात नकाशाला रंग देताना मी ते दोन रंग शेजारी शेजारी येऊ देत नाही. विद्यार्थी विचारतात, मॅडम, वनं हिरवी नि पठार लाल का नको? मी म्हणते, नको, सांगितलं तेवढं करा.

या वर्षी सप्तपर्णी जरा लवकरच फुलली. तीन वर्षं मी काकूंकडे जात होते, भाजी देत होते, औषधं आणून देत होते, पण ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं. परवा निघालं. संध्याकाळ होती, काकू व्हरांड्यात मेथी निवडत होत्या, काका चपला घालून खुर्चीत तयार बसले होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "काकू, माझं चुकलं. तुम्ही मला सांगितलं होतं, आणि मी ते समजून घेतलं नाही. त्याची मला फार लाज वाटते."

काकूंनी दोन काड्या निवडल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाले अर्धंच समजलं होतं मॅडम. मले तं पुरं माहीत होतं."

"पण तुम्ही काय करणार होतात? सगळं माझ्याच..."

"आयका. त्या दिवशी फाटकापाशी बाया जमल्या होत्या. काकानं कसा बनवला, कोनापाशी शिकले, किती दिवस लागते. लग्न झालं तवापासून मले कोनी असं काही इचारलं नव्हतं. मी सांगून राह्यली होती. अन् हे माह्या मांगून निघाले."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"मी पाह्यलं मॅडम. चपला घालतानी पाह्यलं. समोर सगळे कंदील टांगेल होते, तेही दिसून राह्यले होते. म्हटलं, येवढं एक सांगून घेतो, मंग जातो याइच्या मांगं. येवढं एकच."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायचं तर आहेच: मला हलकं वाटलं. आणि मग मी त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि ते हलकेपण मला माझंच किळसवाणं वाटलं. त्यांना कुणीतरी पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि त्या सांगत होत्या.

काका उठले. "चाला," म्हणाले, "घरी चाला आता."

काकूंनी पदरानं डोळे पुसले, त्यांचा हात धरला. दोघं पायऱ्या उतरून फाटकाशी गेले. मी व्हरांड्यात तशीच उभी. फाटकाशी काका थांबले आणि मागे वळून माझ्याकडे पाहू लागले. बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी होती.

"ह्या बाई कोन होय?"

"मॅडम होय. आपल्या सोसायटीतल्या."

"अंधार पडून राह्यला, अन् ह्या इथंच उभ्या." त्यांनी मान हलवली. "घर सापडून नाई राह्यलं वाटते याइले." मग काकूंचा हात न सोडता त्यांनी दुसरा हात माझ्याकडे केला. "या बाई. भेऊ नोका. आमच्यासंगं चाला, पाहू कुठं आहे तं."

मी पायऱ्या उतरले आणि तो हात धरला.